एक किलोमीटरच्या आत

श्रमिकनगरच्या सायबर कॅफेतला पोरगा म्हणाला,
मावशी, घर एक किलोमीटरच्या आत दाखवा,
नाहीतर त्या शाळेचं नाव यादीत येणारच नाही.

स्क्रीनवर आमचं घर म्हणजे एक लाल फुगा.
त्यानं माउस माझ्याकडे सरकवला.
दिवसभर चिवड्याच्या पाकिटांना सील मारणारा हात,
जरासा हलला,
तर फुगा थेट नंदिनीच्या पात्रात.
कस्तुरी खुदकन हसली: आई, आपण बुडालो!

ह्यांचं सकाळी डबा घेतानाच सांगून झालेलं:
इंग्लिशच. टायवाली.
सुपरवायझरची पोरं जातात ती.
घरामागच्या मनपाच्या शाळेचं नाव काढायचं नाही.

त्या शाळेतल्या अहिरे बाई
खिडकीतून कस्तुरीला हाक मारतात,
पटावर नसलेल्या पोरीची
रोज हजेरी घेतल्यासारखी.
ती इथून ओरडते, हजर!
हे मी ह्यांना सांगितलेलं नाही.

माझ्या बापानंही एकदा अंतर मोजलं होतं.
सातवी झाली तेव्हा मास्तर पाड्यावर आले,
बाप म्हणाला, गिरणाऱ्याची शाळा लई लांब,
दोन कोस, मधी ओहोळ, पोरीची जात.
मी दाराआड उभी होते.
मला माहीत होतं, तीन हजार आठशे पावलं.
बाजाराच्या दिवशी मोजलेली,
ओहोळातले सहा दगड धरून.
बोलले नाही.
बापाचा आकडा धरला गेला.

त्यानं वाढवलं,
मी कमी करतेय.
दोघांनीही पोरीच्या भल्यासाठीच म्हणा.

फुगा ओढत ओढत मी नदीपार नेला,
एका गुलाबी बंगल्यावर ठेवला.
आठशे मीटर.
पोरगा म्हणाला, बास, एकदम ओके.

कस्तुरी स्क्रीनला नाक लावून बघत होती.
हे कुणाचं घर?
आपलं, मी म्हणाले. फॉर्मपुरतं.
मग शाळा सुटल्यावर न्यायला कोण येणार,
ह्या घरातली आई, का आपल्या घरातली?

फॉर्मवर रकाने होते,
पालकाचं नाव, उत्पन्न, जात, पसंती एक ते दहा.
पसंती कुणाची, ते लिहिलं नव्हतं.
मीही तिला अजून विचारलं नव्हतं,
आणि विचारून
ती अहिरे बाईंचं नाव घेणार, हे माहीत असून
ह्यांना काय सांगायचं?

मागं दोन बाया ताटकळलेल्या,
हातात रेशनकार्डांच्या झेरॉक्स.
पोरगा म्हणाला, मावशी, सबमिट करू?

थांब रे जरा, म्हणाले,
आणि फुगा परत उचलला.
आता तो पुलावर आहे.
बोट काही सुटत नाही.