दहापासून उलट

पाचपैकी तीन कॉलेजांनी उत्तरच दिलं नाही.
चौथ्याने दिलं, एका ओळीचं.
पाचव्याने बोलावलं: मंगळवार, दुपारी एक, मिनिआपोलिस.

मी लोरेन हाल्व्हरसन, वय चौतीस,
डलूथच्या अतिदक्षता विभागात नऊ वर्षं,
त्यातली सात रात्रीची.
पाळी मर्लिसने घेतली, बदल्यात माझा ईस्टर गेला.
गाडी तिसऱ्या प्रयत्नात सुरू झाली, उणे सव्वीसमध्ये.
कोटाचा टॅग कापला नव्हता, बाहीत दुमडून ठेवला होता,
दर थोड्या वेळाने मनगटाला टोचत होता.

अर्जात विचारलं होतं, भूल देण्याचंच शिक्षण का? पाचशे शब्दांत.
सोळा वेळा लिहिलं.
दर वेळी सुरुवातीला ‘लहानपणापासून’ आलं,
दर वेळी खोडलं.
लहानपणापासून मला फक्त ट्रक चालवायचा होता, बापासारखा.
आणि एकोणिसाव्या वर्षी सेंद्रिय रसायनात मिळालेला तो ‘सी’,
पंधरा वर्षं झाली, अजून माझ्याआधी खोलीत शिरतो.

टेबलापलीकडे तिघं.
डॉक्टर प्रुइट, ज्यांचं पेन चालत नव्हतं.
ओफेलिया ग्रँट, सव्वीस वर्षं भूल देणाऱ्या.
आणि दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी,
डोळ्यांखाली तीच काळी वर्तुळं जी मला हवी होती.

नॉरएपिनेफ्रिन कुठल्या रिसेप्टरवर? सांगितलं.
व्हेंटिलेटरचा दाब अचानक चढला, आधी काय बघाल? सांगितलं.
नळी, मग पेशंट, मग पुन्हा नळी.
‘नाही,’ मीच म्हटलं, ‘आधी पेशंट.’
प्रुइटनी काहीतरी लिहायचा प्रयत्न केला.

‘तुमच्या हातून झालेली एखादी चूक?’

होती तयार. आरशासमोर घोटलेली,
नखाएवढी, धुऊन इस्त्री केलेली,
शेवटी ‘यातून मी शिकले’ असलेली.
तोंड उघडलं आणि निघाले एइनो लाह्ती.

निरीक्षणाचा दिवस, चार नंबरचं थिएटर.
बंदरावर खनिज भरण्यात आयुष्य गेलेला म्हातारा,
हाताला अजून लोखंडाचा रंग.
मास्क चढला. दहापासून उलट मोजा, म्हणाले.
त्यांनी सुरू केलं: क्युम्मेनेन, उह्देक्सान, काहदेक्सान...
मला वाटलं, बरळताहेत.
मी हात दाबून म्हटलं, ‘इंग्रजीत, मिस्टर लाह्ती.’
ते थांबले. शहाण्या मुलासारखे पुन्हा दहावर गेले.
टेन. नाइन.
आणि बुडाले.

‘मग?’ प्रुइट.
मग काही नाही. संध्याकाळी जागे झाले,
जेली खाल्ली, म्हणाले, काही आठवत नाही.
मला आठवतं.
आईने शिकवलेले आकडे होते ते.
परत यायची खात्री नसताना माणूस निघाला होता,
आणि वाटेत अडवून
मी त्याच्या हातात परकी भाषा दिली.

‘ही काही चूक नव्हे,’ प्रुइट म्हणाले.
‘भूल तर आहेच,’ ओफेलिया म्हणाल्या,
आणि स्वतःच्याच शब्दावर जराशा हसल्या.
विद्यार्थ्याने पहिल्यांदा वर बघितलं.
‘आता काय करता?’ त्याने विचारलं.
त्याने विचारायचं नव्हतं बहुतेक.
‘आधी विचारते,’ मी म्हटलं. ‘कशात मोजाल?’

हिंकलीला पेट्रोल भरलं.
हातमोज्यातून पंपाची बटणं दाबली जाईनात.
चांगलं झालं की वाईट, काही कळत नव्हतं,
छातीत फक्त मॉनिटर बंद केल्यावरची शांतता,
जी दोन्ही वेळा सारखीच असते.

निकाल सहा आठवड्यांनी.
कोट परत करायची मुदत तीस दिवस.
मी पावती काढली, तारीख बघितली,
हिशेब सोपा होता.

मग ग्लव्ह बॉक्समधली बँडेजची कात्री घेतली.
उद्या रात्री सात वाजता बेड नऊ, आणि मर्लिसला फोन करायचाय.
टॅग कापताना मोजून बघितलं, दहापासून, त्यांच्या आकड्यांत.
सातवर अडकले.
सात कसे म्हणतात, ते मी ऐकलंच नव्हतं.