उसवलेली लोकर

तर्जनी वेगळी विणायची.
बाकीची तीन बोटं एकत्र, अंगठा बाजूला.
नमुन्याच्या कागदावर चित्रच होतं तसं:
चाप ओढायला एक बोट मोकळं हवं.
मिसेस गेड्सनी असे एकेचाळीस जोड विणले,
डंडीत, हिलटाउनच्या चढावर, तिसऱ्या मजल्यावर,
दिवसभर तागाच्या गिरणीत उभं राहून आल्यावर,
सुलट, उलट, सुलट, उलट,
लाल सैन्यासाठी.

मी त्यांचा भाडेकरू, मूळ मिरजेचा.
सेहेचाळीसच्या जानेवारीत पोचलो तेव्हा लढाई संपली होती.
स्वयंपाकघरातल्या नकाशावर टाचण्या तेवढ्या उरल्या होत्या,
बर्लिनपाशी दोन रंगांच्या, एकमेकींना खेटून.
"दोन्हीकडून आले आणि भेटले बघ," बाई म्हणायच्या,
जशी काही सोयरीक त्यांनीच जमवली होती.

एका हातमोज्यात त्यांनी चिठ्ठी सारली होती, नाव आणि पत्ता.
तिचं उत्तर आलं माझ्यादेखत,
चार वर्षांनी, त्रिकोणी घडीचं, जांभळ्या शाईचं,
काही अक्षरं ओळखीची, काही आरशातल्यासारखी फिरलेली.

वाचणार कोण?
कोपऱ्यावर वितोल्ड होता, पोलिश पलटणीतला,
आता घड्याळं दुरुस्त करणारा.
त्याला रशियन येत होतं.
कुठे शिकलास, असं बाईंनी सहज विचारलं.
"अर्खांगेल्स्कच्या जंगलात. झाडं तोडताना."
मग उभ्याउभ्याच वाचू लागला:
मोजे उबदार होते, म्हणतो.
डाव्याला भोक पडलं, ते त्यानं स्वतः शिवलं, म्हणतो.
आता त्याची तुकडी ल्वुवमध्ये आहे.
शहर सुरेख आहे. सफरचंदं पुष्कळ.

वितोल्डनं कागदाची घडी पुन्हा त्रिकोणी केली,
मूळच्या रेघांवर, घड्याळजीच्या बोटांनी.
"ते माझं गाव," म्हणाला,
आणि चहा न घेता जिना उतरला.
मागचं पान राहिलंच.

मार्चमध्ये रेडिओवर कुणीतरी पडद्याबद्दल बोललं,
पोलादी, या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत.
बाई बटाटे सोलत होत्या.
"एवढं पडद्याचं कापड? कूपनं कुणाची वापरली?"
मी हसलो. त्या नाही हसल्या.
रात्री पाहिलं तर बर्लिनजवळच्या टाचण्या
कपाच्या बशीत काढून ठेवलेल्या.
नकाशाला भोकं.

मग मिसेस पटुलो आल्या, मदत समितीच्या खजिनदार,
हातमोजे न काढता खुर्चीच्या कडेवर बसल्या.
देणगीदारांची वही जाळलेली बरी, म्हणाल्या,
कोणी काही विचारलं तर.
कोण विचारणार? तर नुसतं, "कोणी."
पहिल्याच पानावर नगराध्यक्षांची सही होती हो त्या वहीच्या.
मला आठवलं, गरज सरो, वैद्य मरो.
मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं बाईंना.
त्या जरा वेळानं म्हणाल्या,
"यात वैद्य कोण? आम्ही, की ते?"
मला सांगता आलं नाही. अजूनही येत नाही.

सत्तेचाळीसचा फेब्रुवारी.
कोळसा नाही, वीज तासांवर,
खिडकीच्या आतून बर्फाची नक्षी.
ट्रंकेच्या तळाशी बेचाळिसावा जोड होता, पाठवायचा राहिलेला.
बाईंनी तो मेणबत्तीशी घेतला आणि तर्जनीपासून उसवायला लागल्या.
सर्र सर्र.
उसवलेली लोकर सरळ होत नाही,
जुन्या टाक्यांचं कुरळेपण धरून राहते.
किटलीच्या वाफेवर धरली, तरी राहतेच थोडं.
गुंडा करायला आत काहीतरी टणक लागतं.
त्यांनी फळीवरून तो त्रिकोणी कागद घेतला
आणि त्याच्यावर गुंडाळत गेल्या.

मला पायमोजे विणले त्यातून.
पहिला घोट्याच्या वर चार बोटं.
दुसरा वाढत होता, गुंडा रोडावत होता,
एका संध्याकाळी लोकरीखालून जांभळं काहीतरी डोकावलं.
बाईंनी तिथेच टाके बंद केले, धागा दातानं तोडला.

दुसरा मोजा इंचभर आखूडच राहिला.
आणि फळीवर तो गुंडा,
कागद झाकेल एवढा.