डोळा बांधताना

शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकेत हे पुढे, मी मागे.
हे जंभेरीच्या खुंटावर चाकूनं उलटा टी पाडतात,
संत्र्याचा डोळा सालीआड सरकवतात
आणि पुढच्या खुंटावर वाकतातही,
तोवर माझी पट्टी मागेच कुठं दुसरा वेढा घेत असते.
सोळा वर्षं झाली.
अंतर तेवढंच आहे, चार खुंटांचं.

आमच्या पोरी जावळ्या,
एकाच रात्रीतल्या, अकरा मिनिटांच्या फरकाच्या.
आचल ह्यांच्या वळणावर,
प्रांजल माझ्या.
वर्गात बाई विचारतात, सात नवे?
आचलचं उत्तर खिडकीबाहेर गेलेलं असतं
आणि प्रांजलचा हात
कोपरापर्यंत येऊन थांबलेला.
तिला येत नाही असं नाही.
तिच्यापर्यंत प्रश्न उरतच नाही.
"हे पोट्टी मायवर गेली," सासू म्हणते
तांदूळ निवडता निवडता,
राग नसतो त्यात,
खडा बाजूला काढावा तसं.

पोळा झाल्यावर नागपूरहून माणसं आली
जुळ्यांचा अभ्यास करणारी.
शाळेच्या वऱ्हांड्यात पेटी मांडली.
दिवा लागला की बटन दाबायचं. बस्स.
नळीत थुंकी घेतली, वर नावाची चिठ्ठी.
आचल दोनशे नव्वद.
प्रांजल चारशे तीस.
काय आहे हे, मी विचारलं, मार्क?
नेवारे मॅडम म्हणाल्या,
एका सेकंदाचे हजार तुकडे केले, तर त्यातले.

एकशे चाळीस.
घरी येईपर्यंत हा आकडा तोंडात घोळवला
बोराच्या बीसारखा.
एवढ्यात काय होतं?
पापणी धड मिटत नाही.
एवढ्यात माझ्या पोरीच्या आधी
जग उत्तर देऊन मोकळं होतं.

दुसऱ्या दिवशी विचारलंच मी,
कोणाकडून येतं हे?
त्या म्हणाल्या, काही रक्तातून.
पण एक दाणा नाही, हजारो,
एकेकाला वजनच नाही म्हणा,
त्यातले तुमचे कोणते, त्यांचे कोणते,
आम्हालाही अजून नीट दिसत नाही.
बाकी मग घर, शाळा, झोप, पोटात काय पडलं ते.
मला हसू आलं.
एकाच झाडाचे डोळे
आम्ही हजारो खुंटांवर बांधतो,
आणि सहाव्या वर्षी मृगबहार
कोणतं झाड धरील, कोणतं नाही,
छातीवर हात ठेवून
अजून कोणी सांगितलेलं नाही.

आणि सावकाश बांधलेला डोळा जास्त जगतो
असंही काही नाही.
मोजलंय मी.
माझ्या ओळीत, चपळ बायांच्या ओळीत,
शंभरात सात-आठ वाळतातच.

पेटी आवरायच्या आत म्हटलं,
मॅडम, मले एकदा बसू द्या.
तुमची गरज नाही, त्या म्हणाल्या.
मग घड्याळ पाहिलं,
मग म्हणाल्या, बसा.
हाताला सालीचा वास, काट्यांचे ओरखडे.
दिवा लागला.
लागला, असं मी मनात म्हटलं,
मग दाबलं.
चारशे अठ्ठावीस.
"यावरून काही सिद्ध होत नाही बरं, ताई."
मी हो म्हटलं.
दारात प्रांजल उभी होती.
तिनं आकडा वाचला,
बोलली काही नाही.

रात्री जेवणं झाली, भांडी झाली,
लाइट गेली, आली, पुन्हा गेली.
आचल केव्हाच झोपलेली.
अंधारात बऱ्याच वेळानं
प्रांजल म्हणाली,
"दोनच कमी वं, माय."