झड्या उतरतात तेव्हा

तापोळ्याच्या धक्क्याला लाँच लागली तेव्हा
माझ्या पिशवीत दोन साड्या, एक स्वेटर,
नाचणीचं पीठ,
आणि धाकटीनं गुपचूप टाकलेली तिची अर्धी पेन्सिल,
आईला आठवण यावी म्हणून.
जणू टाकली नसती तर आली नसती.

जीपमध्ये सगळे ओळखीचे.
कोण वेण्णा तलावावर घोडे धरायला,
कोण स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर कागद अंथरायला,
कोण बाजारात चणे भाजायला.
खाली असताना आम्ही भावकी, बांध, तुटलेली बोलणी.
घाट लागला की
नुसते सीझनचे लोक.
एकमेकांच्या खांद्यावर डुलक्या घेत वर जातो.

लॉजच्या अंगावरून झड्या उतरवत होते.
चार महिने पावसाला पाठ देऊन काळं पडलेलं गवत
गठ्ठ्यागठ्ठ्यानं अंगणात कोसळत होतं
आणि आतून भिंत निघत होती,
बाळंतिणीसारखी फिकट,
उजेडाला दिपलेली.

काउंटरवर नवा मॅनेजर. तरणा, घाईचा.
"अनुभव किती?"
मी म्हटलं, अकरा दिवाळ्या.
कॉम्प्युटरात अनसाबाई ढेबे सापडेना
म्हणून त्यानं लिहिलं: नवीन.
त्याच्या पाठीमागं, किल्ल्यांच्या फळीवर,
नऊ नंबरच्या किल्लीला
माझ्या जुन्या परकराची नाडी अजून बांधलेली.
मी काही बोलले नाही.
नाडीही नाही.

धोंडू आखाडे पावसाळाभर इथंच असतो, एकटा.
टॉर्च, घोंगडं, काठी.
मला बघून तोंड उघडलं त्यानं
तर आवाज गंजल्या कडीसारखा अडकत आला.
"अडीचशे इंच," एवढंच म्हणाला,
आणि परत पाणी तापवायला गेला.

मग गाद्या उन्हात. भिंतींच्या बुरशीवर फडकं.
कपाटं उघडली की ओल्या कुत्र्याचा वास.
दोन नंबरच्या उशीवर एक पांढरा केस.
तीनच्या चादरीला बिडीचं भोक, मुगाएवढं.
पाचमध्ये आरशापुढं लाकडी फणी.
आठमध्ये खुर्ची खिडकीशी ओढलेली,
खाली शेंगांची टरफलं, नीट एका जागी गोळा केलेली.
पेन्सिलीनं मी धुण्याचा हिशोब लिहिला,
चादरी बावीस,
आणि थांबले.

रात्री मागल्या दारी, बंबाच्या उबेला बसून, विचारलं,
"मामा, भाडं किती झालं तुमचं?"
तो हसला नाही.
"माणूस निजलं न्हाई तर खोली रुसती.
वास धरती.
म्हून पाळीनं निजलो. येक रात, येक खोली."
भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून
बराच वेळ तसाच धरला त्यानं. कालवण ठिबकत राहिलं.
"सातची बरी," म्हणाला.
"तिथं पाऊस येकाच कानानं ऐकू येतो."

सकाळी मॅनेजरनं चादर वर धरून बघितली,
भोकातून त्याचा एक डोळा दिसला.
"हे काय?"
मी म्हटलं, पाऊस.
त्यानं मान हलवली, लिहूनही घेतलं.
शिकेल हळूहळू.

पहिली पाहुणे मंडळी संध्याकाळी यायची होती.
सात नंबरची चादर मी ताणून चारी कोपरे दाबले.
अकरा वर्षं या पलंगांना मी कोपरे घालते,
टेकले कधी नाही.
दार लोटलं. चपला बाहेर ठेवल्या. आडवी झाले.
एका अंगाला डोंगर, भिंतीला चिकटलेला, गार.
दुसऱ्या अंगाला खिडकी,
खिडकीखाली दरी,
दरीच्या तळाशी पाणी, पाण्याच्या पल्याड घर,
जिथं आता दिवा लागला असेल,
किंवा धाकटी अजून गोठ्यात असेल
आणि लागला नसेल.
पाऊस नव्हता.
तरी मी कूस बदलून
दोन्ही कानांनी ऐकून बघितलं.

फाटकाशी हॉर्न वाजला.
मी उठले, हातानं चादर सपाट केली.
माझ्या आकाराची एक सुरकुती
शेवटपर्यंत निघाली नाही.
तिच्यावर टॉवेल ठेवला, घडी घालून,
आणि किल्ली घेऊन खाली गेले.