नमुना क्रमांक सतरा

पीएचडीच्या अर्जात एक रकाना आहे:
संशोधनाचा समाजाला उपयोग. शब्दमर्यादा दोनशे.
सर म्हणाले, तेवढा नीट भर,
फेलोशिप तिथंच अडते.

मी पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात
मीटर आणि बाटल्या घेऊन हिंडते.
बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची,
बुडबुडा न ठेवता झाकण लावायचं,
वर मार्करनं आकडा.
विहीर कुणाची, ते लिहायचं नसतं.

सतरावी पंचफुलाबाईंची.
"काय पायतं वं पोरी पान्यात?"
मीठ, मावशी. किती ते.
तिनं चहा टाकला. नासला.
काही न बोलता पातेलं गोठ्यामागं ओतलं
आणि कोरा ठेवला.

फेब्रुवारीत आकडे घेऊन परत गेले.
म्हटलं, पाणी इतकं जड आहे
की यात तूर शिजणारच नाही,
दिवसभर चूल पेटती ठेवली तरी.
ती ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत होती.
थांबली.
"हे कागदावर हाये?"
आहे.
"शिक्क्याचं?"
प्रयोगशाळेच्या.

"बुढी मरेस्तोर म्हने,
तुह्या हाताले गुन नाई, तुही दाय शिजत नाई.
चायीस वर्सं मले बी तसंच वाटे."

कागदाची तिनं चौघडी केली,
भिंतीवरच्या सासूच्या फोटोमागं खोचली,
फोटो जरा तिरका झाला, तसाच राहू दिला.

माझ्या आलेखावर ती एक ठिपका आहे,
बाकीच्यांपासून थोडा दूर.
रकाना अजून भरलेला नाही.
सोमवारी शेवटची तारीख.