खूण पटल्याशिवाय

विल्नियसला जानेवारीत साडेआठला उजाडतं,
तेही नाइलाजाने.
स्किर्मान्ते तोवर इन्क्युबेटरपाशी,
खिशात काळा पाव, हातात बशी तीनशे बारा.
कोरी.

कोरी बशी दोनच गोष्टी सांगते:
कात्रीने काहीच कापलं नाही,
नाहीतर सगळंच.

कात्री जंतूची, खोडही त्याचीच.
शेजारी दोन जी दिसल्याशिवाय
पातं उघडायचं नाही.
अक्षरं तीच, क्रम तोच, चूक समोर उभी,
पण पुढे जी-जी नाही?
मग नाही.

पानेवेझिसच्या एका पोराच्या डोळ्यात
टीच्या जागी सी पडलाय.
सगळ्यात जवळचे दोन जी चाळीस अक्षरं लांब.
केसाच्या जाडीत असं अंतर हजारो वेळा मावेल,
आणि पोर संध्याकाळी
ताटातला बटाटा चाचपडत शोधतं.

म्हणून तीन वर्षं ती
प्रथिनाच्या एका कोपऱ्यात
आर्जिनिन काढते, ग्लुटामिन बसवते,
पुन्हा काढते.

काचसामान धुणारी ब्रोने
पूर्वी ट्रॉलीबसमध्ये तिकिटं तपासायची.
म्हणाली, आमच्यात एक नवा आला होता,
त्याला सगळेच चोर वाटायचे.
पासवाले धरले, म्हाताऱ्या धरल्या,
शेवटी ड्रायव्हरलाच म्हणाला, तिकीट दाखव.
बस तिथेच. बर्फात. तासभर.

स्किर्मान्ते हसली नाही.
तिने मेलेल्या पेशींचं उरलंसुरलं वाचलं:
जी-जीची अट काढून टाकलेली कात्री
आधी स्वतःकडेच वळली होती,
ज्या कागदावर तिला हुकूम लिहून दिला
तोच फाडला तिने.

तर ही खोड नव्हती.
शत्रूची नावं जंतू स्वतःच्याच अंगावर गोंदतो,
फक्त नावापुढे जी-जी कधी लिहीत नाही.
एवढ्याशा न लिहिण्यावर
आपलं आणि परकं
कोट्यवधी वर्षं वेगळं राहिलं.

मार्चमध्ये नेरिसवरचा बर्फ कडेने सुटला.
बशी चारशे सहा. दोन नाही, एक जी पुरे
असं मानणारी कात्री.
मंद आहे. दारोदार थांबते, विचारते, पुढे जाते.
बशीत चार ठिपके,
मोहरीपेक्षा लहान.

पोराला यातलं काही कळवलेलं नाही.
कळवण्यासारखं अजून काही नाहीच.

ब्रोनेने सवयीने हात पुढे केला,
धुऊन टाकू?

ही राहू दे.