उणे आठ

नव्या अपडेटनंतर सगळा इतिहास दिसतो:
कोणी, कधी, किती दिले.
कन्नमवार नगरात, पंख्याखाली,
मी माझंच नाव उघडून बसलोय,
शेजाऱ्याचं पत्र चोरून वाचावं तसं.

अधिक दोन. अधिक एक, ‘कव्हर दिलं’.
अधिक तीन, कुठल्या तरी तुर्की पोराकडून, कारण कोरं.
मग नोव्हेंबर, रात्री अकरा बावन्न:
उणे आठ. ‘मध्येच पळाला’.

पळालो होतोच.
राजावाडीच्या कॅज्युअल्टीपर्यंत
हेडफोन गळ्यातच होता,
हातात बाबांची चप्पल. एकच.

देणाऱ्याचं नाव खारीबिस्कीट.
म्हणजे नचिकेत पेडणेकर, मागची बिल्डिंग,
जो सकाळी सहाला थर्मास घेऊन आला,
चार पाव,
आणि काही न बोलता
एक्स-रेच्या रांगेत माझ्या जागी उभा राहिला.

त्याचा रकाना इथे नाही.

काल म्हटलं, काढून टाक की ते आता.
म्हणाला, हरलो ना रे आपण तेव्हा.
मग म्हणाला, बाबांचा पाय कसाय?

राहू दे.
साडेदहा झाले.
टीममध्ये खारीबिस्कीट आधीच येऊन बसलाय,
नावापुढे हिरवा ठिपका,
दुसरी जागा अडवून.